रकान्यातलं ‘विशेष नाही’

काळजाचा फोटो काढणारं यंत्र मलकापुरात आलं, तेव्हा त्या फोटोत काळजात कोण बसलंय तेही दिसतं, असा बऱ्याच जणांचा समज होता. एका म्हाताऱ्या बाईंनी सुनेला बाहेर पिटाळून मला हळूच विचारलं होतं, "बाप्पा, मनातलं तं नाई ना दिसत याच्यात?" नाही म्हटल्यावर त्या निर्धास्तपणे आडव्या झाल्या. एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींना आपल्या फोटोच्या पट्टीची जादा प्रत हवी होती, चौकट करून देवघराशेजारी लावायला. आम्ही दिली. देवांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मी डॉक्टर नव्हे. स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी कागद धुण्याचं काम करायचो. डॉक्टरसाहेब मुंबईहून ते यंत्र घेऊन आले आणि त्यांना अंधाऱ्या खोलीत बसून कागद धुणारा माणूस हवा होता, एवढीच माझी पात्रता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. दुखणं मोठं झालं की माणूस नागपूरच्या गाडीत बसायचा, नाहीतर मुंबईच्या. डॉक्टर म्हणायचे, "दोन्ही गाड्या इथे थांबतात, मग यंत्रच का थांबू नये?" या हिशेबाने यंत्र थांबलं आणि त्याच्यामागे मीही तीसेक वर्षं थांबलो.

कामाची रीत सोपी होती. दोन्ही मनगटांना आणि डाव्या पायाला मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या बांधायच्या, त्यांना तारा जोडायच्या आणि माणसाला सांगायचं, आता हलू नका, बोलू नका. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला अगदी बारीक वीज निघते. ती यंत्रातून सरकणाऱ्या कागदाच्या पट्टीवर रेघ उमटवते. आधी एक लहानसा उंचवटा, मग उभा सुळका, मग एक पसरट टेकडी. पुन्हा उंचवटा, सुळका, टेकडी. धडधाकट माणसाची पट्टी अशीच चालते. यंत्र इतकं हळवं होतं की मालगाडी गेली तरी रेघ थरथरायची. त्यामुळे मला रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, आणि गाव मला गाडी कधी येणार ते विचारायला यायचं.

सगळ्यात त्रासाचं गिऱ्हाईक म्हणजे पहिलवान. अंगाला तेल मुरलेलं, त्यामुळे पट्टी घसरायची. स्पिरिटने घासून घासून माझे हात दुखायचे. वर पोटरी एवढी की बांधायचा पट्टा पुरायचा नाही. पण पहिलवान आमच्याकडे येत, कारण डॉक्टरांना कुस्तीचा नाद होता, आणि मीही तरुणपणी दोन वर्षं तालमीच्या मातीत लोळलेलो होतो. कुस्ती कधी जिंकली नाही, पण माती चांगली ओळखायला लागलो.

पहिला धडा मेहकरच्या किसनने दिला. हा तिथला नावाजलेला पहिलवान. ताप आला म्हणून आमच्याकडे आला, आणि नाडी पाहून डॉक्टर दचकले. फार सावकाश. पट्टी काढली तर ठोके दूर दूर, आणि मधूनच एखादा गायब. डॉक्टरांनी पुस्तकं चाळली आणि निकाल दिला, कुस्ती बंद.  किसनने पट्टीकडे एकदा पाहिलं, आमच्या पाया पडला आणि गेला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी ती पट्टी मुंबईच्या एका मोठ्या वैद्यांना दाखवली, तेव्हा ते हसले. म्हणाले, कसलेल्या माणसाचं काळीज मोठं होतं, जोरकस होतं, म्हणून सावकाश चालतं. हे दुखणं नव्हे, ही कमाई आहे.

डॉक्टर तडक मेहकरला गेले. मी बरोबर होतो. किसन बसस्टँडवर तिकिटं फाडत होता. पोट सुटलेलं, खांदे उतरलेले. डॉक्टरांनी हात जोडून चूक कबूल केली. किसनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या साहेब. आता उठून का करतो? तुमच्या कागदानं बसलो तो बसलोच." मग त्याने आम्हाला परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळवून दिली. तेवढंच त्याच्या हातात होतं. त्या सौजन्याची मला आजही लाज वाटते.

डॉक्टरांनी किसनची पट्टी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. स्वतःला आठवण राहावी म्हणून. नवा पहिलवान समोर बसला की त्यांची नजर आधी त्या पट्टीवर जायची. धडा चांगलाच होता. फक्त तो एका माणसापुरता खरा होता, हे आम्हाला पुढे कळलं.

एका कार्तिकात गणपत उस्ताद सोनाळ्याहून आले. सोनाळ्याच्या तालमीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. बरोबर त्यांचा पट्टशिष्य संपत. पंचविशीचा, उंच, सावळा, बोलायला लाजणारा. जत्रेच्या दंगलीत बऱ्हाणपूरच्या एका बड्या पहिलवानाशी त्याची जोड ठरली होती. तालुक्याच्या पहिलवानाला अशी जोड आयुष्यात एकदा मिळते.

"बैठका मारता मारता पडला हा," उस्ताद म्हणाले. "डोये पांढरे केले. पानी मारलं तं उठला. म्हनलं, कुस्तीच्या आधी साहेबाईले दाखवून घ्याव."

"उपास होता जी माहा," संपत म्हणाला. "भोवय आली. बाकी काई नाई."

डॉक्टर दुसऱ्या रोग्यात गुंतले होते. कार्ड भरण्याचं काम माझं. नाव, गाव, वय, धंदा, काय होतं. शेवटचा रकाना असा: ‘वडील, आजोबा, काका, भाऊ: हयात की मयत, मयत असल्यास कशाने.’ हा रकाना डॉक्टरांनी मुद्दाम छापून घेतला होता, आणि मी त्याच्यावर पेन टेकवून थांबलो.

त्याचं कारण सांगायला हवं. आमच्याकडे जोड ठरली आणि मारुतीपुढे नारळ ठेवला, की कुस्ती होईपर्यंत त्या पहिलवानापुढे मेलेल्या माणसाचं नाव काढत नाहीत. हळद लागलेल्या नवऱ्या मुलापुढे काढत नाहीत, तसंच. संपतच्या कपाळावर मारुतीचा शेंदूर होता. उस्ताद शेजारी उभे. त्या माणसाला मी कसं विचारणार, की बाबा, तुझ्या घरात कोण कोण मेलं आणि कसं? माझी जीभ रेटेना. कारकुनी हाताला सवयीचे दोन शब्द मी तिथे लिहून टाकले: ‘विशेष नाही.’

मग पट्टी काढली. धुऊन उजेडात धरली. उंचवटा जागेवर, सुळका तर भलताच उंच, पण त्याच्यापुढची टेकडी उलटी. टेकडीच्या जागी खोल खड्डा. मला वाटलं माझ्याच हातून तारा उलट्या लागल्या. पूर्वी एकदा तसं झालं होतं, आणि एका निरोगी मास्तरांना आम्ही दोन दिवस मरणाच्या दारात बसवून ठेवलं होतं. मी पुन्हा स्पिरिटने घासलं, तारा तपासल्या, पुन्हा पट्टी काढली. तेच. शिवाय तारा उलटल्या तर सगळंच उलटतं. इथे टेकडी तेवढी खड्ड्यात गेलेली.

डॉक्टरांनी ती पट्टी काचेवर, किसनच्या पट्टीशेजारी ठेवली. बराच वेळ दोन्हींकडे पाहत होते. छातीला नळी लावून ऐकलं. काहीतरी बारीक फुसफुस आहे असं त्यांना वाटलं, पण ठामपणे सांगवेना.

"वामनराव," ते मला म्हणाले, "हे बरोबर दिसत नाही. पण किसनचंही बरोबर दिसत नव्हतं." मग कार्ड उचललं आणि शेवटचा रकाना वाचला. "घरात कोणी अचानक गेलेलं नाही?"

मी म्हणालो, "विशेष नाही लिहिलंय."

हे वाक्य मी किती सफाईने बोललो! खोटं नव्हतं, तसं लिहिलेलं होतंच.

डॉक्टरांनी कार्ड खाली ठेवलं. मग त्यांनी उस्तादांना सांगितलं, "पहिलवानाचं काळीज वेगळंच असतं. उपास करू देऊ नका. लढू द्या." संपतने पहिल्यांदाच मान वर करून हसून पाहिलं. जाताना मला म्हणाला, "वामनभाऊ, जत्रेले येजा. पहिल्या रांगेत बसवतो तुमाले."

त्याने बसवलंही, मला आणि डॉक्टरांना. कुस्ती लांबली नाही. बऱ्हाणपूरचा जड होता, पण संपतने त्याला ओढत ओढत दमवलं आणि पाठीवर घातलं. लोकांनी फेटे उडवले. संपतने हात वर करून आखाड्याला फेरी मारली, आमच्यासमोर आला तेव्हा डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. मग उस्तादांपुढे जाऊन पाय धरायला खाली बसला. उस्तादांनी पाठीवर हात ठेवला. सगळे वाट पाहत होते, आता उठेल, आता उठेल. तो उठला नाही.

डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. मी त्याचं मनगट धरून बसलो होतो. त्याच मनगटावर मी चार दिवसांपूर्वी पट्टी बांधली होती. जमलेले लोक म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणालं, बऱ्हाणपूरवाल्यांनी काहीतरी केलं. वाद्यं हळूहळू थांबली, ज्याला जे कळलं त्या क्रमाने.

परत येताना मोटारीत डॉक्टरांनी विचारलं, "वामनराव, ते ‘विशेष नाही’ त्याने सांगितलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

आता हे खोटं होतं. मी आयुष्यात लहानसहान खोटं पुष्कळ बोललो असेन, सगळेच बोलतात. पण असं पुन्हा बोललो नाही.

तेरावा झाल्यावर मी रजा घेऊन सोनाळ्याला गेलो. जळगाव-जामोदपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे छकडा. कशाला चाललो आहे हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. संपतची माय ओसरीवर तूर निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला पाणी दिलं. जो प्रश्न चुकवला होता, तो मी आता विचारला. दिवस उलटून गेल्यावर विचारायला रीत आड येत नाही.

"याचा बाप?" ती म्हणाली. "मोट हाकता हाकता पडला. जागच्या जागी. लोक म्हनत, पान लागलं, सरप डसला. डसल्याची खून तं कोठी नव्हती, पन दुसरं का म्हनाव? चांगला पहाडासारखा मानूस. आन् याचा चुलता, तो जवारीचं पोतं उचलता उचलता. तोई तसाच, तिशीतला." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काऊन इचारून राह्यले भाऊ? आता का उपेग?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. रकाना, शेंदूर, माझे दोन शब्द. मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमी इचारलं असतं तं त्यानं सांगतलं असतं. माहा पोट्टा खोटं नव्हता बोलत." आणि पुन्हा सूप ओढून तूर निवडायला लागली.

एवढ्यात धाकटा आला, नामदेव. विशीचा, अंगाने संपतची दुसरी प्रतच. अंगावर तालमीची माती. पुढच्या जत्रेत भावाच्या जागी उतरायचं त्याने ठरवलं होतं, उस्तादांनी शब्द दिला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला पुढे काय करायचं ते कळलं.

नामदेवला मलकापूरला न्यायला मला तीन फेऱ्या कराव्या लागल्या. शेवटी उस्तादांनीच त्याला दंडाला धरून आणलं. त्याआधी मी डॉक्टरांपुढे उभा राहून खरं काय ते सांगितलं होतं. डॉक्टर ओरडले नाहीत. संपतचं कार्ड काढलं आणि काचेखाली किसनच्या पट्टीशेजारी सरकवलं, शेवटचा रकाना वर दिसेल असं. म्हणाले, "एक माझं, एक तुमचं. दोघांनी पाहत जाऊ."

नामदेवची पट्टी मी धुतली. सुळका उंच, पुढे खड्डा. तारा तपासायची गरज वाटली नाही.

या दुखण्याला तेव्हा नाव नव्हतं, निदान आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. ते पुढे बऱ्याच वर्षांनी आलं. मेहनतीने काळीज वाढतं ते दंडासारखं, सगळीकडून सारखं. या घराण्यात ते जन्मजात, एका अंगाने जाड होत जायचं, भिंतीला पोपडा धरावा तसं, आणि मेहनतीच्या भरात दगा द्यायचं. बाहेरून माणूस पहाड. किसनची आणि संपतची, दोन्ही पट्ट्या वेड्यावाकड्या, एक कमाईची, एक मरणाची; आणि फरक सांगणारा पुरावा बहुतेक वेळा कागदावर नसतो, घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत असतो. आम्ही यंत्रावर भरवसा ठेवला आणि तोंड उघडायला लाजलो.

डॉक्टरांनी नामदेवला सांगितलं. कुस्ती नाही, पळणं नाही, पोती उचलणं नाही. तो उठून उभा राहिला.

"भाऊ मेला तं मेला. मले जित्तेपनी काऊन मारून राह्यले?" तो डॉक्टरांना नाही, मला म्हणाला. "तुमीच त्याले धाडलं, आन् मले घरी बसोता. तुमच्या कागदाचा भरवसा काय?"

तो दार उघडं टाकून गेला. 

घरी जाऊन त्याने आईला सांगितलं, मी मानत नाही. त्या बाईने बोलण्यात वेळ घालवला नाही. दोघे भाऊ मेहनतीला फिरवायचे ती मुदगलाची जोडी कणगीत टाकली आणि वरून वर्षाची ज्वारी ओतली. म्हणाली, "काहाड आता. जवारी सरल तवा काहाड." दरवर्षी ती कणगी सरायच्या आत भरत गेली. हे मला उस्तादांनी सांगितलं.

त्यानंतर नामदेव मलकापूरच्या बाजारात दिसायचा. मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. मी हाक मारली नाही. कार्ड मात्र मी बदललं. तो शेवटचा रकाना पहिला केला, नावाच्याही आधी. शेंदूर असो, हळद असो, पट्टी बांधायच्या आधी विचारायचं. त्यापायी लोक माझ्यावर चिडले. एका नवरदेवाचे मामा तर म्हणाले, "फोटूवाले, तुमचं तोंड लय इटाळलेलं आहे." मी म्हणालो, असू द्या, सांगा कोण कसं गेलं.

वर्षं गेली. वऱ्हाड मध्यप्रांतातून निघून महाराष्ट्रात आला, डॉक्टर वारले, त्यांच्या खुर्चीवर पुतण्या बसला. यंत्रही नवं आलं. कागद धुवायची गरज राहिली नाही. मी निवृत्त व्हायला महिनाभर होता, तेव्हा एका दुपारी दारात नामदेव उभा दिसला. केस पांढरे, पण पाठ ताठ. बरोबर बाविशीचा मुलगा, कपाळावर मारुतीचा शेंदूर. त्याची जोड ठरली होती.

मुलाची पट्टी त्या दिवशी नीट निघाली, हे आधीच सांगतो. वाचकाला टांगून ठेवायचं माझं वय राहिलं नाही. नव्या डॉक्टरांनी लढायला परवानगी दिली, आणि दरवर्षी पट्टी काढायची तंबी दिली.

पण ते नंतर. आधी कार्ड. मी पेन उघडलं. पहिल्या रकान्यावर आलो, मुलाच्या कपाळाकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांची सवय असूनही हात अडला. त्या घराला हा प्रश्न मी कोणत्या तोंडाने विचारणार होतो?

मला विचारावं लागलं नाही.

"लिहा," नामदेव म्हणाला. "आजा. मोट हाकता हाकता पडला. पान लागलं म्हनत, ते खोटं. मंग चुलत आजा. जवारीचं पोतं उचलता."

"बाबा," मुलगा कावराबावरा होऊन म्हणाला, "नारळ ठेवला ना आपुन. आज काऊन ही नावं घेऊन राह्यले?"

"चूप बस बे. आजच घ्या लागतेत." मग तो माझ्याकडे वळला. "मोठे बाबा, संपत. कुस्ती जिंकून, उस्तादाच्या पायावर. लिहिलं?"

"लिहिलं."

मी लिहीत होतो, पण अक्षर दिसत नव्हतं. तो सांगत गेला, एकही नाव गाळलं नाही. सगळं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, रकान्यातली पहिलीच ओळ कोरी राहिली आहे. ‘वडील.’ मी मान वर केली. तो माझ्याकडेच पाहत होता.

"पाहता काय? लिहा ना," तो म्हणाला. "जित्ता आहे बाप. तुमच्यावर दातओठ खाऊन जित्ता आहे."

मी लिहिलं: वडील, हयात.

"वाचून दाखवा," नामदेव म्हणाला.

मी वाचून दाखवलं.